फ्रीटाऊनला उतरलेले बिशप

पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन हा देश मोठा देखणा. हिरवे डोंगर थेट समुद्राला येऊन भिडतात. पण १९व्या शतकात युरोपातून तेथे जाणारा परत येईलच याची खात्री नसे, इतकी तापाची दहशत होती.

बिशप मेल्शियोर द ब्रेझियाक यांचा जन्म १८१३ साली फ्रान्समध्ये झाला. १८४२ मध्ये ते मिशनरी म्हणून आपल्या भारतात आले व पुढे कोइम्बतूरचे बिशप झाले. स्थानिक धर्मगुरू घडावेत, हा त्यांचा ध्यास. जातिभेदाशी निगडित रूढींबाबत मिशनऱ्यांत एकमत होईना. त्यांच्या विवेकाला टोचणी लागली आणि त्यांनी पद सोडले. (हा विषय आपल्यालाही अजून अवघडच जातो.) १८५६ साली लियों शहरात त्यांनी आफ्रिकेसाठी मिशनरी संस्था स्थापन केली. त्यांना दाहोमेला जायचे होते. रोमने सिएरा लिओन दिले.

१४ मे १८५९ रोजी जहाज फ्रीटाऊनला लागले. शहरात पीतज्वराची साथ होती. उतरू नका, असे कप्तानाने विनवले. ते उतरले. हे धैर्य की अविचार? तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही या दोहोंमध्ये ठळक रेषा आखत असू. येथे आमचा हात अडखळतो. कारण त्यांचे तीन साथीदार आधीपासूनच त्या शहरात होते.

जूनमध्ये सहापैकी पाच जण दगावले. २५ जूनला बिशपही गेले. एक ब्रदर तेवढे आजारी अवस्थेत फ्रान्सला परतले. लियोंमध्ये फादर प्लांक यांनी संस्था मिटू दिली नाही. १८६१ साली तिचे मिशनरी दाहोमेच्या, म्हणजे आजच्या बेनिनच्या, किनाऱ्यावर उतरले.