नाडहब्बाचे प्रवर्तक : वरकवी द. रा. बेंद्रे

नवरात्र आले की म्हैसूर नगरीचे रूप पालटते. राजवाडा दिव्यांनी उजळतो, चामुंडी टेकडीकडे भाविकांची रीघ लागते आणि विजयादशमीच्या दिवशी सोन्याच्या अंबारीतून चामुंडेश्वरीची मिरवणूक निघते. या दसऱ्याला कर्नाटकात नाडहब्ब असे म्हणतात. नाड म्हणजे आपली भूमी आणि हब्ब म्हणजे सण. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी हा शब्द अनेकदा ऐकला असेल. परंतु या नावाचा एक लोकोत्सव धारवाडात १९२६ साली सुरू झाला आणि तो सुरू करणाऱ्या कवीच्या घरची भाषा मराठी होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या कवीचे, दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचे चरित्र शाळेच्या हीरक महोत्सवाच्या या अंकात सांगणे म्हणूनच उचित ठरेल.

बेंद्र्यांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी आधी या सणाची परंपरा पाहिली पाहिजे. विजयनगरचे सम्राट महानवमीचा उत्सव मोठ्या थाटाने करीत. हंपीच्या भग्नावशेषांत आजही उभा असलेला महानवमीचा भव्य चौथरा त्याची साक्ष देतो. १५६५ च्या लढाईनंतर ती राजधानी उद्ध्वस्त झाली. पुढे राजा वडेयर यांनी श्रीरंगपट्टण जिंकून १६१० मध्ये तेथे दसऱ्याचा उत्सव सुरू केला आणि कालांतराने तो म्हैसूरला आला. अशा रीतीने दक्षिणेकडील कन्नड प्रदेशात ही परंपरा राजाश्रयाने टिकली. उत्तरेकडील स्थिती निराळी होती. धारवाड, विजापूर, बेळगाव हे जिल्हे मुंबई इलाख्यात होते, कलबुर्गी व रायचूर निजामाच्या राज्यात, तर बळ्ळारी व मंगळूर मद्रास इलाख्यात. तेथील कन्नड माणसाला आपल्या भाषेचा राजा नव्हता, दरबार नव्हता आणि आपल्या भूमीचा म्हणावा असा एकही सण नव्हता. ही उणीव ज्यांना जाणवली, त्यांत बेंद्रे अग्रभागी होते.

बेंद्र्यांचा जन्म ३१ जानेवारी १८९६ रोजी धारवाड येथे एका चित्पावन कुटुंबात झाला. आजोबा वेदविद्येत पारंगत होते. घरात संस्कृतचे संस्कार होते, पैसा मात्र नव्हता. दत्तात्रेय लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले. आजी गोदूबाई खानावळ चालवीत आणि आई अंबिका त्या कष्टांत त्यांना साथ देई. या दोन स्त्रियांच्या श्रमांवर मुलाचे शिक्षण झाले. पुढे कवी म्हणून लौकिक मिळाल्यावर बेंद्र्यांनी अंबिकातनयदत्त हे टोपणनाव घेतले. अंबिकेचा पुत्र दत्त, एवढाच त्याचा सरळ अर्थ. पण त्या एका नावात आईच्या ऋणाची आयुष्यभराची पोच आहे.

१९१३ मध्ये मॅट्रिक झाल्यावर ते काकांच्या आधाराने पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गेले आणि १९१८ मध्ये पदवीधर झाले. लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देऊन वीस वर्षे लोटली होती आणि शिवजयंतीचा उत्सवही मूळ धरून होता. लोकांनी वर्षातून एकदा एकत्र जमावे, आपला इतिहास ऐकावा, गाणी म्हणावीत आणि त्यातून समाज जागा व्हावा, ही रीत पुण्याच्या अंगवळणी पडली होती. व्याख्यानमालांचीही परंपरा तेथे जुनी होती. धारवाडच्या या तरुणाच्या डोळ्यांसमोर हे सारे घडत होते. पुण्यात राहूनही त्यांनी कन्नड मित्रांना एकत्र करून एक साहित्यमंडळ चालवले, यावरून त्यांच्या मनाचा ओढा कोणत्या दिशेला होता हे समजते.

धारवाडला परतल्यावर ते व्हिक्टोरिया हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. १९२२ मध्ये त्यांनी गेळेयर गुंपु, म्हणजे मित्रांचा मेळा, स्थापन केला. शं. बा. जोशी, वि. कृ. गोकाक, रं. श्री. मुगळी, बेटगेरी कृष्णशर्मा अशी पुढे नावारूपास आलेली माणसे या मेळ्यात वावरली. धारवाडची भूमीही तोवर तयार झाली होती. रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला होता. टिळकांच्या गीतारहस्याचे कन्नड भाषांतर करणारे आलूर व्यंकटराव यांनी १९१७ मध्ये कर्नाटकाच्या गतवैभवावर ग्रंथ लिहून विखुरलेल्या कन्नड प्रदेशाच्या एकीकरणाचा ध्यास लोकांना लावला होता. ग्रंथ वाचणारे मात्र मूठभर असतात. खेड्यातील शेतकऱ्यापर्यंत, घरातील गृहिणीपर्यंत हा विचार न्यायचा, तर त्यांना रुचेल असे निमित्त हवे होते.

ते निमित्त बेंद्र्यांनी नवरात्रात शोधले. हा सण घरोघरी होताच. त्याला त्यांनी भूमीच्या सणाचे रूप दिले आणि १९२६ मध्ये नाडहब्बाची चळवळ सुरू केली. म्हैसूरच्या दसऱ्याला हत्ती होते, घोडदळ होते, सिंहासन होते. धारवाडच्या सणाला यातले काहीही नव्हते. त्याचे वैभव म्हणजे गाणे, कविता आणि आपल्या भूमीविषयीचे बोलणे. राजवाड्याच्या सणात प्रजा पाहणारी असते. या सणात ती करणारी झाली. धारवाडच्या बोलीत, लोकगीतांच्या चालीवर रचलेल्या बेंद्र्यांच्या कविता त्यांच्याच तोंडून ऐकण्यास लोक गर्दी करीत. पुस्तकी कन्नडपासून दूर राहिलेल्या माणसाला आपलीच भाषा काव्य होऊन भेटली. पुढे १९३६ मध्ये विजयनगर साम्राज्याच्या स्थापनेला ६०० वर्षे झाल्याचा उत्सव हंपी येथे झाला, तेव्हा त्यासाठी लोकांची मने घडवण्याचे काम अशाच उपक्रमांनी केले होते.

या कार्याचे मोल बेंद्र्यांना चुकवावे लागले. १९३२ मध्ये त्यांचा ‘गरी’ हा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातील ‘नरबली’ ही कविता सरकारला राजद्रोही वाटली. कवीला बेळगावजवळच्या हिंडलगा कारागृहात ठेवण्यात आले आणि त्यानंतर मुगद गावी स्थानबद्धता नशिबी आली. नोकरी गेली. संसारात लक्ष्मीबाईंची साथ होती, पण नऊ अपत्यांपैकी बहुतेकांचे मृत्यू या दांपत्याला पाहावे लागले. दारिद्र्य आणि पुत्रशोक यांच्या छायेत बेंद्रे लिहीत राहिले. प्रौढ वयात, १९३५ मध्ये, त्यांनी एम. ए. ची पदवी मिळवली. १९४३ मध्ये शिवमोग्गा येथील कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हाही स्थिर उपजीविका त्यांना लाभलेली नव्हती.

ती लाभली सोलापूरला. १९४४ ते १९५६ अशी बारा वर्षे ते तेथील दयानंद महाविद्यालयात कन्नडचे प्राध्यापक होते. मराठी आणि कन्नड जेथे एकाच बाजारात, एकाच वाड्यात नांदतात अशा त्या शहरात त्यांच्या दोन्ही भाषा फुलल्या. त्यांनी मराठीतही लेखन केले. ‘संवाद’ या मराठी पुस्तकाला न. चिं. केळकर पारितोषिक मिळाले. विठ्ठल हा दोन्ही भाषांना जोडणारा त्यांचा आवडता विषय होता. कन्नडची सेवा करण्यासाठी त्यांना घरची मराठी टाकावी लागली नाही आणि मराठी बोलतो म्हणून कन्नड जनांनीही त्यांना परके मानले नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना अमलात आली आणि धारवाड व म्हैसूर एका राज्यात आले. बेंद्रे त्याच वर्षी धारवाडला परतले आणि आकाशवाणीच्या केंद्राचे सल्लागार झाले. तेव्हापासून १ नोव्हेंबर हा राज्योत्सवाचा दिवस झाला. तोच दिवस बेळगाव सीमाभागातील अनेक मराठी कुटुंबांसाठी दुःखाचा ठरला, हेही येथे नमूद केले पाहिजे. एका तारखेला कोणी तोरण बांधावे आणि कोणी काळी फीत, हे दोन्ही भाषांवर प्रेम करणाऱ्याला क्लेश देणारेच आहे. आपल्यासारख्या मराठी शाळेला तर या दोन्ही भावना ओळखीच्या आहेत. सीमांचा वाद तारखांनी मिटत नाही. पण सणाचा उगम द्वेषात असावा लागत नाही, हे बेंद्र्यांच्या नाडहब्बाने त्या वादाच्या तीस वर्षे आधीच दाखवून दिले होते.

१९५८ मध्ये ‘अरळु मरळु’ या संग्रहासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार आणि १९६८ मध्ये पद्मश्री हा किताब त्यांना मिळाला. १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि त्याच वर्षासाठीचा ज्ञानपीठ पुरस्कार ‘नाकु तंती’ या काव्यसंग्रहाबद्दल बेंद्र्यांना मिळाला. त्याच दशकात म्हैसूरच्या दसऱ्यातही पालट झाला. अंबारीत राजाच्या जागी देवीची मूर्ती विराजमान झाली आणि राजवाड्याचा सण राज्यातील जनतेचा सण झाला. धारवाडच्या शिक्षकाने हत्ती-घोड्यांवाचून जे योजिले होते, ते अशा रीतीने म्हैसूरच्या राजमार्गावर अवतरले.

ऑक्टोबर १९८१ मध्ये मुंबईत बेंद्र्यांचे निधन झाले. धारवाडच्या साधनकेरी तळ्याकाठी त्यांचे स्मारक आहे. मातृभाषेतून शिकलेले मूल ज्या भूमीत वाढते त्या भूमीला परके राहते की काय, ही शंका मराठी शाळेत मुलाचे नाव घालणाऱ्या पालकांच्या मनात आजही येते. खानावळीच्या अन्नावर वाढलेल्या, आईशी मराठीत बोलणाऱ्या एका मुलाने कर्नाटकाला त्याचा सण दिला, हे त्या शंकेचे उत्तर आहे.