संत गाडगेबाबा

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. १९०५ मध्ये गृहत्याग करून ते गावोगाव फिरू लागले. गावात शिरताच ते खराट्याने रस्ते झाडत. ते पाहून गावकरीही कामाला लागत. रात्री कीर्तनातून ते स्वच्छतेचे व शिक्षणाचे महत्त्व पटवून देत.

मुंबईत उपचारांसाठी आलेल्या गरीब रुग्णांच्या नातेवाइकांना राहण्यास जागा नसे. त्यांच्यासाठी बाबांनी लोकांच्या देणग्यांतून जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभारली. हजारोंना निवारा देणाऱ्या बाबांजवळ स्वतःचे म्हणून खराटा, गाडगे आणि ठिगळांचे वस्त्र एवढेच होते. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.