बहिणीच्या मेंदूतली गाठ

शरीराच्या कोणत्या भागाची हालचाल मेंदूच्या कोणत्या भागातून होते, हे दाखवणारा नकाशा प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी अभ्यासतो. तो ज्यांच्या कामातून तयार झाला, ते शल्यविशारद म्हणजे डॉ. वाइल्डर पेनफिल्ड. या जगप्रसिद्ध डॉक्टरांवर एकदा सख्ख्या बहिणीच्याच मेंदूची शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली होती.

पेनफिल्ड यांचा जन्म १८९१ मध्ये अमेरिकेतील स्पोकेन शहरात झाला. शिक्षण प्रिन्स्टन, ऑक्सफर्ड आणि जॉन्स हॉपकिन्स येथे झाले. मेंदूच्या पेशी रंगवून पाहण्याचे तंत्र शिकण्यासाठी १९२४ मध्ये ते माद्रिदला पिओ देल रिओ-होर्तेगा यांच्याकडे गेले. तेथे त्यांनी ‘ऑलिगोडेन्ड्रोग्लिया’ या पेशींचा अभ्यास केला. मज्जातंतूंभोवतीचे संरक्षक आवरण याच पेशी तयार करतात.

१९२८ मध्ये ते कॅनडातील मॉन्ट्रियलला स्थायिक झाले. त्याच वर्षी त्यांची थोरली बहीण रूथ यांचे दुखणे बळावले. तरुणपणापासून त्यांना फिट येत असत. आता डोकेदुखीही वाढली होती. वय ४३, पदरी सहा मुले. निदान झाले मेंदूतील गाठीचे. आपल्याच माणसावर शस्त्रक्रिया करू नये, असा डॉक्टरांमधला संकेत आहे. तरीही पेनफिल्ड यांनी ती जबाबदारी घेतली.

डिसेंबर १९२८ मध्ये रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. गाठ उजव्या बाजूच्या पुढच्या भागात, खोलवर पसरलेली होती. पेनफिल्ड यांनी तो भाग जवळजवळ पूर्ण काढला, तरी गाठीचा काही अंश आत राहिलाच. तपासणीत ती ऑलिगोडेन्ड्रोग्लिओमा ही दुर्मीळ गाठ निघाली. ज्या पेशींचा भावाने माद्रिदमध्ये अभ्यास केला होता, त्याच पेशींसारख्या पेशींची ही गाठ होती.

रूथ बऱ्या झाल्या. हातपाय चालत होते, बोलणे आणि स्मरणशक्ती शाबूत होती. त्या मुलांमध्ये परतल्या. सुमारे सव्वा वर्षाने पेनफिल्ड त्यांच्याकडे जेवायला गेले. घरची चार माणसे आणि एक पाहुणा, एवढाच साधा बेत होता. जेवणाची वेळ झाली तेव्हा रूथ स्वयंपाकघरात गोंधळून उभ्या होत्या. सामान सगळे हाताशी होते, एकदोन पदार्थ चुलीवर होते, बाकीच्यांना सुरुवातही नव्हती. एकेक पदार्थ त्यांना येत होता. आधी काय, नंतर काय, ही सांगड मात्र घालता येत नव्हती.

एरवी कोणाच्या लक्षातही आले नसते, असे हे नुकसान होते. कोणत्याही चाचणीपेक्षा त्या संध्याकाळच्या स्वयंपाकाने ते स्पष्ट दाखवले. पेनफिल्ड यांनी ते लपवले नाही. १९३५ मध्ये सहकाऱ्यासोबत लिहिलेल्या शोधनिबंधात त्यांनी ही हकिकत नोंदवली. मेंदूचा पुढचा भाग नियोजनासाठी किती महत्त्वाचा आहे, हे त्यातून डॉक्टरांना उमगले.

गाठ पुन्हा वाढली. १९३० मध्ये हार्वे कुशिंग यांनी दुसरी शस्त्रक्रिया केली, पण १९३१ मध्ये रूथ यांचे निधन झाले. डॉक्टर आणि संशोधक एकाच छताखाली काम करतील अशा संस्थेचे पेनफिल्ड यांचे स्वप्न होते. बहिणीच्या मृत्यूने तो ध्यास अधिक पक्का झाला. रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने १९३४ मध्ये मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. रुग्णाला जागे ठेवून, त्याच्याशी बोलत, कोणता भाग काढता येईल आणि कोणता वाचवायचा हे ठरवण्याची पद्धत तेथे विकसित झाली. १९७६ मध्ये पेनफिल्ड यांचे निधन झाले.

आज एमआरआय आहे. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन व केमोथेरपी दिल्यास या गाठीचे अनेक रुग्ण बरीच वर्षे जगतात. बहुतेक डोकेदुखी गाठीमुळे नसते. परंतु मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट आली, किंवा डोकेदुखी वाढत जाऊन उलट्या होऊ लागल्या, नजर अधू होऊ लागली, तर तपासणी लांबवू नये. शस्त्रक्रिया ठरली, तर गाठ किती निघेल एवढेच विचारून थांबू नये. घरी आल्यावर रोजच्या कोणत्या कामात अडचण येऊ शकते, हेही डॉक्टरांना विचारावे. नंतर तशी अडचण दिसली, तर तो आळस किंवा हट्ट समजू नये. त्या माणसाला मदतीची गरज असते.