रेटिंग नव्हतं, तरी ग्राहक कळायचा: लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट



मी मुळशी तालुक्यातल्या कासार आंबोलीत राहतो. पुण्याहून पौडला जाताना पिरंगुट सोडलं की आमचं गाव लागतं. एकीकडे भाताची खाचरं, दुसरीकडे कारखान्यांच्या शेड. गेल्या पावसाळ्यात घरचं इंटरनेट तीन दिवस बंद होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण हा अनुभव कुठल्याही कंपनीचा येऊ शकतो. दुसऱ्याच दिवशी मेसेज आला की तुमची तक्रार सोडवली आहे, आमच्या सेवेला पाचपैकी किती स्टार द्याल? नेट तर बंदच होतं. मी वैतागून मेसेज पुसून टाकला. तक्रार त्यांच्याकडे वेळेत बंद झाली, आणि मी गप्प बसलो म्हणून बहुतेक समाधानी ग्राहकांत मोजलाही गेलो.

खरं सांगायचं तर राग आला तसा थोडा ओशाळलोही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि तक्रारींची तिकिटं सांभाळणाऱ्या सिस्टीमवर काम करतो. 48 तासांत युजरचं उत्तर आलं नाही तर तिकीट आपोआप बंद करा, हा नियम एका प्रोजेक्टमध्ये मी स्वतः लिहिलाय.

म्हणून आज एका अशा माणसाबद्दल, ज्याच्याकडे ना स्टार होते ना डॅशबोर्ड, पण ग्राहक गप्प आहे याचा अर्थ त्याला नीट लावावा लागला. नाव तुम्हाला माहीत आहे. पाण्याच्या मोटरवर, डिझेल इंजिनवर वाचलेलं असेल: किर्लोस्कर.

चित्रकार व्हायचं होतं, पण

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथे झाला. शाळेत फार रमले नाहीत. चित्रं आणि यंत्रं या दोनच गोष्टींची ओढ. मोठे भाऊ रामूअण्णा यांनी पाठीशी उभं राहून त्यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवलं. तिथे दोनेक वर्षांनी कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होण्याचं स्वप्न तिथेच संपलं.

मग ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले, कारण त्या रेखाटनात रंगांचं काम नसतं. त्यात हात इतका बसला की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवण्याची नोकरी मिळाली.

सायकल विकली, शिकवलीसुद्धा

नोकरी चालू असतानाच भावांनी धंदा सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवायचे आणि रामूअण्णा तिथे विकायचे. 1888 हे किर्लोस्कर ब्रदर्सचं स्थापनेचं वर्ष मानलं जातं ते या सायकलच्या दुकानामुळे. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

त्या काळी सायकल म्हणजे भलतीच महाग आणि अनोळखी वस्तू. विकत घेतली तरी चालवायची कशी? म्हणून दुकानात सायकल चालवायलाही शिकवायचे. त्याचे 15 रुपये घ्यायचे असं सांगतात. जोडीला दुरुस्ती होतीच.

आजच्या भाषेत याला ऑनबोर्डिंग आणि सपोर्ट म्हणतात. ॲप पहिल्यांदा उघडल्यावर बाण दाखवत चार स्क्रीन येतात ना, तेच काम. वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात पडली की आपलं काम संपलं असं दुकानदाराने मानलं, तर ती सायकल पडवीत धूळ खात पडणार. आणि शेजारी ते बघून दुसरी घेणार नाही.

पुढे नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

नांगर तयार, गिऱ्हाईक नाही

बेळगावात त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि मग लोखंडी नांगर. किर्लोस्करांच्या नांगराचं साल 1903 सांगितलं जातं. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती उलटी करतो, त्यामुळे तणाची मुळंही वर येतात. कागदावर सगळ्याच बाबतीत सरस.

पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष उतरतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला सुमारे दोन वर्षं गेली.

ही गोष्ट नेहमी अडाणी शेतकरी आणि द्रष्टा उद्योजक अशी सांगितली जाते. मला ते अर्धंच पटतं. शेतकऱ्याच्या बाजूने बघा. लाकडी नांगर मोडला तर गावात सुतार होता, फाळ बोथट झाला तर लोहार होता. दोघंही बलुतेदार. वर्षाला सुगीत धान्याचा वाटा दिला की वर्षभराची दुरुस्ती त्यात आली. म्हणजे लाकडी नांगराला अख्ख्या गावाचं सर्व्हिस सेंटर जोडलेलं होतं, आणि तेही हाकेच्या अंतरावर.

याउलट ओतीव लोखंडाचा भाग मोडला तर गावच्या लोहाराला तो भट्टीत तापवून ठोकून जोडता येत नाही. ओतीव लोखंड घणाखाली वाकत नाही, तडकतं. आणि नेमका पेरणीच्या तोंडावर नांगर बंद पडला तर? हंगाम गेला की वर्ष गेलं. त्यामुळे विषाच्या समजामागे एक साधा प्रश्नही दडलेला असावा असं मला वाटतं: हा मोडला तर मी कुणाकडे जाऊ?

हा प्रश्न कुठल्याच स्टारमध्ये येत नाही. ज्याने वस्तू घेतलीच नाही तो रेटिंग कुठे देणार? आजही ॲप काढून टाकणारे बहुतेक लोक कारण लिहीत नाहीत. कंपनीला दिसतात ते फक्त राहिलेल्यांचे स्टार, आणि ते चांगलेच असतात.

लक्ष्मणरावांपुढे तेव्हा दोन रस्ते होते. लोकांना कळत नाही म्हणून नांगराचा नाद सोडायचा, किंवा विश्वास बसेपर्यंत टिकून राहायचं. घरावर कर्जाचा भार होता, माल पडून होता. तरी नांगर बंद केला नाही. काही शेतकऱ्यांनी वापरून पाहिला, त्यांच्या रानात फरक दिसला, शेजाऱ्यांनी तो बांधावरून पाहिला. मग मागणी वाढत गेली.

बेळगावातून माळरानावर

धंदा बसतोय तोवर बेळगावच्या नगरपालिकेने जागा खाली करायला सांगितलं. चालू कारखाना हलवायचा कुठे? तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर पडीक जमीन आणि 10,000 रुपयांचं बिनव्याजी कर्ज त्यांनी दिलं. जागा कशी? निवडुंगाचं रान आणि सापांचा सुळसुळाट. 10 मार्च 1910 रोजी तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे आणि स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडीच आहे.

जागेची सोय राजाने केली, पण त्यात एक फायदाही झाला. कारखाना आता गिऱ्हाइकाच्या शेजारी आला. आजूबाजूला शेती होती आणि माल न्यायला रेल्वे दाराशी होती.

माणसं घेतानाही लक्ष्मणराव वेगळा विचार करायचे. पदवी बघण्यापेक्षा हात बघायचे. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी वाडीच्या राखणीवर ठेवलं. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम घातला. हे इथे का सांगतोय? कारण आतल्या माणसाला जो मालक माणूस म्हणून वागवतो, त्याच्याकडचा कारागीर गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणंही ऐकून घेतो. कॉल सेंटरमध्ये दर कॉलला सेकंद मोजून घाई करायला लावली, तर फोनवरचा मुलगा तुमचं ऐकणार कधी?

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणं घटलं आणि देशी नांगरांची मागणी वाढली. त्याच वेळी लोखंड आणि कोळसा मिळेना. तरी कारखाना चालू ठेवला. पुढे उसाचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं आली, आणि 1920 च्या दशकात पाण्याचे पंप आले. यादी नीट वाचा. कडबा, नांगरट, ऊस, शेंगा, पाणी: एकाच शेतकऱ्याच्या वर्षभरातल्या एकेक अडचणी आहेत या.

खबर: दोन्हीकडून बोलायची सोय

1920 मध्ये वाडीतून किर्लोस्कर खबर हे मासिक निघालं. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. सुरुवातीला त्याचं काम होतं कारखान्याची आणि मालाची माहिती ग्राहकांपर्यंत पोचवणं. हळूहळू त्यात शेती, उद्योग, समाजसुधारणा असे विषय आले आणि पुढे ते किर्लोस्कर नावाचं महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. कंपनीचं माहितीपत्रक लोक पदरचे पैसे देऊन वाचू लागले! आजच्या कुठल्या नोटिफिकेशनबद्दल आपण असं म्हणू शकतो?

मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून आले आणि त्यांनी कारभार वाढवला. 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचं पुण्यात निधन झालं. 1989 मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

मग स्टार खोटे का?

खोटे नाहीत, अपुरे आहेत. तीन शब्द लक्षात ठेवा.

- एसएलए: किती वेळात काम करू याचं लेखी वचन. माझं तिकीट वेळेत बंद झालं, म्हणजे एसएलए पाळला गेला. नेट मात्र बंदच.
- सीसॅट: उत्तर देणाऱ्यांपैकी किती टक्के समाधानी. सहसा पाचपैकी 4 आणि 5 देणारे धरतात. उत्तर न देणारे हिशोबातच नाहीत.
- एनपीएस: आमचं नाव मित्राला सुचवाल का, 0 ते 10. 9 आणि 10 देणाऱ्यांच्या टक्क्यांतून 0 ते 6 देणाऱ्यांचे टक्के वजा करतात. 2003 पासून प्रसिद्ध झालेली पद्धत.

तिन्ही आकडे चांगले असूनही ग्राहक वैतागलेला असू शकतो. आमच्या धंद्यात अशा रिपोर्टला कलिंगड म्हणतात, वरून हिरवा आणि आतून लाल. आकडा पाहून कंपनीने पुढचा निर्णय बदलला का, हे विचारायला हवं. आमच्या भागात लाइनमन वाढवला का? पावसाळ्याआधी केबल तपासली का? तसं काही झालं नसेल तर ते स्टार नुसते गोळा होत राहतात. सायकल शिकवणं आणि ग्राहकांसाठी मासिक काढणं हे असे निर्णयच होते, आणि त्यांना पैसा आणि वेळ लागला.

तुम्ही काय करू शकता?

- स्टार द्या, पण सोबत एक ओळ लिहा: काय, कुठे, कधीपासून. निर्णय घेणाऱ्याला त्या ओळीचा उपयोग होतो.
- काम न होता तक्रार बंद झाली तर गप्प बसू नका. तिकीट नंबर जपून ठेवा आणि पुन्हा तक्रार करा. मोबाइल आणि इंटरनेट कंपन्यांना तक्रार केंद्राच्या वर अपील प्राधिकारी ठेवावा लागतो, तिथे अपील करता येतं.
- इतर वस्तू-सेवांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.
- नंतर सेवा सुधारली तर प्ले स्टोअरवरचा रिव्ह्यू बदला. सुधारणाऱ्यालाही कळू द्या.

आणि माझं काय? त्या 48 तासांच्या नियमात मी बदल सुचवलाय. उत्तर न आलेली तिकिटं बंद झाली तरी समाधानी गटात मोजायची नाहीत, त्यांचा वेगळा रकाना करायचा आणि दर आठवड्याला त्यातल्या काही जणांना फोन करायचा. मॅनेजरचं म्हणणं, त्याने आपला आकडा खाली येईल. येईलच. अजून मंजुरी मिळालेली नाही. पुढच्या मीटिंगमध्ये पुन्हा मांडणार आहे.

तुमचं एखादं तिकीट असंच परस्पर बंद झालंय का? तर आजच ते पुन्हा उघडा.