डॉ. पी. के. सेन : भारतात पहिल्यांदा हृदय बदलणारा डॉक्टर

मी कनेरगाव नाक्याचा. मागच्या वर्षी आमच्या आबांना धाप लागायला लागली, पाय सुजायला लागले. मी माझं स्मार्टवॉच काढून त्यांच्या मनगटावर बांधलं. ठोके दाखवले 76. म्हटलं, सगळं नॉर्मल आहे! नंतर हिंगोलीला टू-डी इको केला, तेव्हा कळलं की फुप्फुसांकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब वाढलाय आणि हृदयाची उजवी बाजू थकलीय. ठोके बरोबर, तरी बिघाड? हे शोधता शोधता मी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्यापर्यंत पोचलो.

आधी पंप समजून घेऊ

हृदय म्हणजे एकमेकांना चिकटलेले दोन पंप. उजवा पंप शरीरातून परत आलेलं रक्त फुप्फुसांकडे पाठवतो. डावा पंप फुप्फुसांतून ऑक्सिजन घेऊन आलेलं रक्त सगळ्या शरीराला पुरवतो. मिनिटाला 75 ठोके धरले, तर एका ठोक्याचं चक्र 0.8 सेकंदाचं. त्यात 0.1 सेकंद वरचे कप्पे आवळतात, 0.3 सेकंद खालचे कप्पे आवळतात आणि उरलेले 0.4 सेकंद सगळंच सैल. त्या वेळात हृदय पुन्हा भरतं.

मधल्या झडपा नाक्यावरच्या आडव्या दांड्यासारख्या असतात, फक्त एकाच दिशेला सोडतात. त्या बंद होतानाचा आवाज म्हणजे डॉक्टरांना ऐकू येणारं लब-डब.

दोन्ही पंप एका ठोक्याला साधारण 70 मिली, म्हणजे मिनिटाला 5 लिटरच्या आसपास रक्त ढकलतात. पण डावा 120 च्या दाबाने, तर उजवा जेमतेम 25 च्या. फुप्फुसं शेजारीच ना! म्हणून उजव्या पंपाची भिंत पातळ असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

परळचा सर्जन

सेन यांचा जन्म 1915 चा, कोलकात्याचा. पण त्यांचं शिक्षण आणि काम मुंबईत परळला झालं, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम हॉस्पिटलमध्ये. डोकं कायम नवीन काहीतरी शोधणारं. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूला आतल्या कप्प्यातूनच थेट रक्त मिळतं. त्यावरून त्यांना सुचलं, की माणसाच्या हृदयाच्या स्नायूलाही सुईने बारीक छिद्रं पाडून रक्त पुरवता येईल का? 1965 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी यावर शोधनिबंध छापला. पुढे परदेशात हीच छिद्रं लेझरने पाडायचे प्रयत्न झाले.

हृदय बदलण्याचा सराव ते कित्येक वर्षं कुत्र्यांवर करत होते. डिसेंबर 1967 मध्ये केपटाऊनला जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण झालं. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोच फेब्रुवारी 1968 मध्ये सेन यांच्या टीमने केईएममध्ये भारतातलं पहिलं केलं.

तीन तास

नवीन हृदय सुरू झालं, पण पेशंट तीनेक तासच जगला. कारण तेच, आबांच्या रिपोर्टमधलं. पेशंटच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा विरोध खूप वाढलेला होता. निरोगी माणसाकडून आलेल्या हृदयाच्या उजव्या पंपाला कमी दाबाची सवय. अचानक एवढा जोर लावायची वेळ आली आणि तो हरला. त्याच वर्षी सेन यांनी दुसरा प्रयत्न केला. तोही पेशंट काही तासांतच गेला.

मग देशात हे काम थांबलं. ब्रेन डेथ मान्य करणारा कायदा नव्हता, शरीराने नवीन अवयव नाकारू नये म्हणून चांगली औषधंही नव्हती. 1982 मध्ये सेन गेले. कायदा 1994 मध्ये आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये भारतातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण झालं. ते बघायला सेन नव्हते. आता प्रत्यारोपणाआधी पेशंटच्या फुप्फुसांतला दाब मोजूनच पुढचं ठरवतात.

मग घड्याळ काय सांगतं?

घड्याळाचा हिरवा प्रकाश त्वचेखालचं रक्त कधी वाढतं, कधी कमी होतं हे बघून ठोके मोजतो. बस, तेवढंच. उजवा पंप किती जोर लावतोय, हे त्याला कळत नाही. त्यामुळे धाप, पायाला सूज किंवा छातीत दुखणं असेल, तर स्क्रीनवरचा आकडा बघून थांबू नका. जास्त त्रास असेल तर सरळ 108 लावा.

आबा आता गोळ्यांवर ठीक आहेत. घड्याळ अजून त्यांच्याच हातात आहे. पण पाय सुजले की मी घड्याळ बघत नाही, गाडी काढतो.