वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल, इ.स. १८९५ - २९ ऑक्टोबर, इ.स. १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ व कर्करोग संशोधक होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ते प्रयोगशाळा व संशोधन विभागाचे संचालक होते. भारतातील विकृतिशास्त्राचे व वैद्यकीय संशोधनाचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो.

शिक्षण व अध्यापन

खानोलकरांनी लंडन विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतले व इ.स. १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एम.डी. ही पदवी मिळवली. भारतात परतल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे अध्यापन केले.

टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधन

२८ फेब्रुवारी, इ.स. १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. कर्करोग हा पाश्चात्त्य देशांचा आजार असून भारतीयांना तो क्वचितच होतो, असा समज त्या काळी वैद्यकवर्तुळातही प्रचलित होता. विकृतिशास्त्रज्ञाचे नेहमीचे काम म्हणजे शस्त्रक्रियेत काढलेला ऊतींचा तुकडा तपासून निदान कळवणे. खानोलकरांनी त्या तुकड्याला रुग्णाच्या राहणीची जोड दिली. तो काय चघळतो, विडी कशी ओढतो, कोणत्या प्रांतातून व समाजातून आला आहे, हे त्यांच्या दृष्टीने निदानाइतकेच महत्त्वाचे होते. अशा अभ्यासासाठी रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरानेच केसपेपर काळजीपूर्वक लिहावा लागतो. एरवी प्रयोगशाळेच्या हाती केवळ काचपट्टी उरते.

मुंबईतील मुखाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा त्यांचा आढावा इ.स. १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी भारतीय चालीरीतींशी निगडित कर्करोगाचे तीन प्रकार मांडले. बिहारकडे तंबाखू व चुना मळून खालच्या ओठामागे धरण्याची सवय आहे. तेथे ओठाच्या आतील बाजूस होणारा कर्करोग हा पहिला प्रकार. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात ठेवून धूम्रपान करतात, त्यामुळे टाळूला होणारा कर्करोग हा दुसरा. तिसरा कमरेच्या त्वचेचा असून तो 'धोतर कर्करोग' म्हणून ओळखला जातो. धोतराची गाठ वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळल्याने त्वचेचा रंग जातो, ती खरखरीत होते व क्वचित पुढे तेथे व्रण होऊन कर्करोग उद्भवतो. रोगी दगावण्याचे प्रमाण पाहता पहिले दोन प्रकार अधिक गंभीर होते, तरी नावामुळे तिसराच जास्त लक्षात राहिला.

पारशी स्त्रियांत स्तनाचा, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक आढळतो, हेही त्यांनी नोंदवले. हे निष्कर्ष रुग्णालयात पोहोचू शकलेल्या रुग्णांवर आधारलेले होते; रुग्णालयाची पायरी न चढलेल्यांची गणना त्यात नव्हती. लोकसंख्येवर आधारित नोंदणी मुंबईत इ.स. १९६३ मध्ये सुरू झाली.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्र

इ.स. १९५२ मध्ये परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले व खानोलकर त्याचे संचालक झाले. पेशीशास्त्रज्ञ कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली इ.स. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली होती. त्यांनी या केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. लोकसंख्याशास्त्रीय व आनुवंशिकीय अभ्यासाची बाजू एल.डी. संघवी यांनी सांभाळली. कुष्ठरोगावरही येथे काम झाले. कुष्ठरोगाच्या आरंभीच्या व्रणांच्या ऊतिरचनेवर खानोलकरांनी स्वतः लेखन केले आहे. इ.स. १९६६ मध्ये हे केंद्र व रुग्णालय एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले. उपचार व संशोधन तेव्हापासून एकाच प्रशासनाखाली आहेत.

इतर कार्य व सन्मान

खानोलकर इ.स. १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. नवी मुंबईतील खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संकुलातील इमारतीला 'खानोलकर शोधिका' असे नाव आहे.