कादंबरीतला फारिया आणि आपला फारिया



आठवीत असताना 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' या फ्रेंच कादंबरीचे संक्षिप्त मराठी रूपांतर माझ्या हाती पडले. समुद्रातला किल्ला, अंधारकोठडी, भिंतीपलीकडून येणारा खणण्याचा आवाज! रात्री दिवा मालवायचा धीर होईना. भुयार खणत आलेला म्हातारा पाद्री तरुण कैद्याला भाषा, गणित शिकवतो, खजिन्याचा ठावठिकाणा सांगतो आणि कोठडीतच मरतो. मग प्रेताच्या जागी तो तरुणच पोत्यात शिरतो. जुने किल्ले, तळघरे यांवरच्या भयकादंबऱ्या युरोपात १७६४ पासून लिहिल्या जात होत्या. अलेक्झांडर द्यूमाची १८४४ मध्ये क्रमशः येऊ लागलेली ही कादंबरी साहसकथाच, पण तुरुंगाची प्रकरणे त्याच वळणाची.

पाद्र्याचे नाव आबे फारिया. पुढे पणजीत जुन्या सचिवालयाशेजारचा पुतळा त्याच नावाच्या माणसाचा, आणि तो माणूस गोंयकार, हे कळले तेव्हा मी चक्रावलोच. द्यूमाने तर त्याला इटालियन केले होते!

खरे जुझे कुस्तोदियु फारिया १७५६ मध्ये बार्देशातील कांदोळी येथे जन्मले. वडिलांचे गाव कोलवाळ, म्हणजे पेडण्याहून म्हापशाला जाताना शापोरा नदी ओलांडली की लागते तेच. आईवडील वेगळे झाले. आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात जोगीण झाली, वडील पाद्री झाले. १७७१ मध्ये पंधरा वर्षांचा हा मुलगा वडिलांबरोबर जहाजाने लिस्बनला गेला. रोममध्ये शिकून १७८० मध्ये तोही पाद्री झाला. पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचन देताना त्याची बोबडी वळली, तेव्हा समोरची मंडळी म्हणजे नुसती भाजी आहे, काप ती, असे वडिलांनी कोकणीत हळूच सुचवले, ही गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकली असेलच. खरीखोटी देव जाणे.

१७८८ मध्ये ते पॅरिसला गेले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९५ मध्ये एका तुकडीचे पुढारपणही त्यांनी केले. पण त्यांचे खरे काम १८१३ नंतरचे. माणसाला झोपवणारी शक्ती झोपवणाऱ्याच्या अंगातून वाहते, असा तेव्हा समज होता. फारिया लोकांना खुर्चीत बसवत, मन एकाग्र करायला सांगत आणि करड्या आवाजात झोपण्याची आज्ञा देत. माझ्यात काही शक्ती नाही, जे घडते ते झोपणाऱ्याच्याच मनात घडते, असे ते सांगत. स्वतःच्या चमत्काराचे श्रेय नाकारणारा असा माणूस विरळाच! संमोहनशास्त्राने पुढे हेच मानले.

त्यांच्या हयातीत मात्र टिंगलच झाली. १८१६ मध्ये त्यांची खिल्ली उडवणारे नाटक पॅरिसच्या रंगभूमीवर आले आणि सभेची गर्दी ओसरली. २० सप्टेंबर १८१९ रोजी पॅरिसमध्येच झटक्याने त्यांचा अंत झाला. त्यांचा ग्रंथ त्याच वर्षीचा. त्यांना माँमार्त्र येथे पुरले, पण थडग्यावर नाव नाही.

नामवंत शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्यांचा पुतळा पणजीत १९४५ मध्ये उभा राहिला. पालकांनी मुलांना घेऊन अवश्य जावे. आधी कादंबरीतली तुरुंगाची प्रकरणे वाचून घ्या आणि मग त्या पुढे झेपावलेल्या हातांखाली थोडा वेळ उभे राहा.